बंदरावर उतरलेले लाल विचार : आणले कुणी, रुजले कसे?

प्रवासी_पंचा

मागच्या महिन्यात कामानिमित्त आठ दिवस ब्यूनोस आयर्सला होतो. हॉटेलच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती. सकाळी सातला गेलं की काचेच्या कपाटात गरम ट्रे सरकवत असायचे. पहिल्या दिवशी बोटानं दाखवून खाल्लं, दुसऱ्या दिवशी नावं विचारली. साखरेत घोळवलेला गोल वडा म्हणजे 'बोला दे फ्राइले', मठातल्या बुवाचा गोळा (अर्थ थोडा चावट आहे, समजून घ्या). लांबट पाव म्हणजे 'विखिलान्ते', पोलीस शिपाई. मलईची नळकांडी म्हणजे छोटी तोफ. एकाचं नाव 'साक्रामेन्तो', म्हणजे चर्चमधला संस्कारविधी, एकाचं चक्क 'बोम्बा', म्हणजे बॉम्ब.

गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, ही सगळी नावं अराजकवादी (सरकारच नको म्हणणाऱ्या) बेकरीकामगारांनी ठेवलेली आहेत. चर्च, पोलीस आणि लष्कर यांची टिंगल म्हणून. एरिको मालातेस्ता नावाचा इटालियन १८८५च्या सुमारास तिथे पळून आला होता. शिवणयंत्राच्या खोक्यात लपून जहाजावर चढला, असं सांगतात. १८८७मध्ये तिथल्या बेकरीकामगारांच्या संघटनेची नियमावली लिहायला त्यानं मदत केली.

परत आल्यावर थोडं वाचलं तर हाच माणूस त्याआधी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात! १८७८ला तिथे, १८८२ला उराबी पाशाचं बंड चालू असताना पुन्हा तिथे. मग अलेक्झांड्रिया, सालोनिका, बार्सिलोना, मार्सेय, हाँगकाँग, शांघाय अशी माळच दिसायला लागली. सगळी बंदरं, सगळी कॉस्मोपॉलिटन, सगळीकडे पाच-पाच भाषा, आणि सगळीकडे १८७० ते १९३०च्या दरम्यान जहाल डाव्या विचारांची धुमाळी.

तर प्रश्न असा की हे विचार बंदरांतूनच का पसरले? खलाशांनी नेले, की पुस्तकांनी, की आणखी कशानं? आणि आपली मुंबई या माळेत बसते का?

कोरडी_भेळ

पहिला! आता वाचतो.

तिरफळ

छान विषय. वाचतेय. फोटो कुठेत ट्रेचे?

माजघर

पावांची नावं गोड आहेत, पण सगळं श्रेय अराजकवाद्यांना देऊ नका. 'जोगिणीचा उसासा' या अर्थाच्या नावाचं पक्वान्न स्पेनमध्येही आहे, आणि तिथे जोगिणींच्या मठातच मिठाया बनायच्या. बुवा-जोगिणींच्या नावाची मिठाई ही जुनीच रीत असावी. तोफ आणि पोलीस मात्र संशयास्पद आहेत, मान्य.

मूळ प्रश्नावर बोलायचं तर खलाशी हे उत्तर फार रोमँटिक आहे. खलाशाला बंदरात मिळतात चार दिवस. त्यात तो क्रांती करणार, की अंग धुऊन झोप काढणार? माझ्या मते उत्तर आहे टपाल.

ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात सेन्सॉर कडक. पण बैरुत, इझमीर, सालोनिका अशा बंदरांत ब्रिटिश, फ्रेंच, ऑस्ट्रियन, रशियन यांची स्वतःची पोस्ट ऑफिसं होती, १९१४पर्यंत. त्या पोस्टात आलेलं पाकीट सुलतानाच्या माणसाला फोडता येत नसे. पॅरिसचा जहाल अंक सरळ बैरुतच्या घरात. इजिप्तमध्ये परकीयांना आणखी एक कवच होतं. त्यांच्यावर खटला त्यांच्याच वकिलातीच्या कोर्टात चालायचा. म्हणजे अलेक्झांड्रियातल्या इटालियन अराजकवाद्याला हात लावायचा तर इजिप्तच्या पोलिसाला आधी इटलीच्या वकिलातीकडे जावं लागे. गंमत बघा, या सवलती साम्राज्यवाद्यांनी आपल्या व्यापाऱ्यांसाठी उकळलेल्या होत्या.

ई_सातवी_ब

@माजघर : म्हणजे भांडवलशहांनी बांधलेल्या छत्रीखाली अराजकवादी उभे. कडक.

निळी_तिजोरी

धागा चांगला आहे, पण उदात्तीकरण चाललंय असं वाटतं. याच 'विचारांनी' १८९३मध्ये बार्सिलोनाच्या लिसेऊ नाट्यगृहात बॉम्ब टाकून ऑपेरा बघायला आलेले वीस लोक मारले. १९१०मध्ये ब्यूनोस आयर्सच्या कोलोन नाट्यगृहातही बॉम्ब. त्याबद्दल एक ओळ नाही. आणि आपल्याकडे १९८२च्या संपानं गिरणगावाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

कोरडी_भेळ

आला, १९८२चा संप आला. दहाच्या आत. मी पैज जिंकलो.

संपादक

गिरणी संपावर आधीच तीन धागे आहेत. इथे बंदरांबद्दल बोलावं ही विनंती.

निशीचा_दिवा

निळी_तिजोरी यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यातच धागाकर्त्याच्या प्रश्नाचं एक उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्जेंटिनानं १९०२मध्ये 'निवासाचा कायदा' केला. परदेशात जन्मलेला माणूस त्रासदायक वाटला की खटला न भरता जहाजावर बसवून परत पाठवायचा. १९१०च्या बॉम्बनंतर 'सामाजिक संरक्षणाचा' आणखी कडक कायदा आला. ब्यूनोस आयर्समध्ये तेव्हा निम्मे लोक परदेशात जन्मलेले, म्हणजे निम्मं शहरच हद्दपारीच्या टप्प्यात! जहाज सुटलं की पहिलं बंदर शेजारच्या उरुग्वेचं मोंतेविदेओ. बरेच जण तिथेच उतरत आणि तिथल्या कामगार सभांत बोलत. बाकीचे बार्सिलोना किंवा जेनोआला, तिथून पुन्हा हाकललेले दुसरीकडे.

दुसरं उदाहरण हेंक स्नीव्हलीटचं. हा डच माणूस जावात (आजच्या इंडोनेशियात) आला, १९१४मध्ये तिथे समाजवादी संघटना काढली, सेमारांग बंदराच्या आसपास कामगारांत काम केलं. १९१८ला डचांनी त्याला हाकललं. ती संघटना १९२०मध्ये कम्युनिस्ट पक्ष झाली, आणि हा गडी १९२१मध्ये 'मारिंग' या नावानं शांघायला हजर, चिनी पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाला. डचांनी त्याला नुसता सोडला असता तर तो सेमारांगमध्येच कुणाशी तरी भांडत बसला असता.

म्हणून माझं म्हणणं, विचार सगळ्यात जास्त पसरवले ते पोलिसांनी. तिकीटसुद्धा सरकारी खर्चानं.

प्रवासी_पंचा

@निशीचा_दिवा : दंडवत घ्या! हा कोन सुचलाच नव्हता. आपल्याकडे मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडतात तसं झालं हे. फक्त इथे बाहेरही गावच होतं.

सुकट_बोंबील

आणि मांजर परत येतं हे विसरलात. मालातेस्ता १९१९च्या डिसेंबरात लंडनहून इटलीला परतला, सरकारला नको असताना. खलाशांच्या महासंघाच्या पुढाऱ्यानं, कॅप्टन जुलिएत्तीनं, जहाजातून आणला. जेनोआच्या बंदरात लोक स्वागताला लोटले होते. तेव्हा @माजघर, खलाशी फक्त झोपा काढत नव्हते.

पेरूची_फोड

मला 'कॉस्मोपॉलिटन' या शब्दाचीच अडचण आहे. अलेक्झांड्रियाबद्दल वाचताना नेहमी इटालियन, ग्रीक, ज्यू, सीरियन अशी यादी येते, आणि गोदीत पोती वाहणारा इजिप्शियन माणूस कोपऱ्यात. १९०१मध्ये तिथे 'मुक्त लोकविद्यापीठ' निघालं, कामगारांसाठी संध्याकाळचे फुकट वर्ग. फार सुंदर कल्पना. पण ती काढली मुख्यतः इटालियनांनी. एन्रिको पेआची लाकूड-संगमरवराची वखार 'लाल झोपडी' म्हणून प्रसिद्ध होती. जगभरचे पळालेले लोक तिथे जमत, तरुण उंगारेत्ती (पुढे मोठा कवी झाला, जन्म अलेक्झांड्रियाचाच) तिथे जायचा. त्या झोपडीत अरबी बोलणारे किती असतील? एकाच गावात राहणं वेगळं आणि एका पंगतीत बसणं वेगळं.

माजघर

@पेरूची_फोड : अर्धं पटलं. पण कैरोत १८९९च्या डिसेंबरात सिगारेट वळणाऱ्यांचा मोठा संप झाला, त्यात पुढाकार ग्रीकांचा होता तरी कारखान्यात इजिप्शियन, सीरियन, आर्मेनियन शेजारी-शेजारी बसून वळत होते. वखारीत जे जमलं नाही ते कामाच्या पाटावर जमत असावं. बैरुतचंही सांगतो. बार्सिलोनात फेरेर या शिक्षणवाद्याला १३ ऑक्टोबर १९०९ला गोळ्या घातल्या, आणि त्याच वर्षी बैरुतमध्ये त्याच्यावर अरबीत नाटक झालं. महिनोन्‌महिने नाही लागले. ही बातमी इटालियन वखारीतच अडकली नव्हती ना?

अंगणातली_सायकल

सालोनिकाचं कुणी बोललं नाही म्हणून. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. आज ते निव्वळ ग्रीक शहर वाटतं, पण १९१२पर्यंत ऑटोमन होतं आणि तिथला सगळ्यात मोठा समाज ज्यूंचा, घरात जुनी स्पॅनिश बोलणारा. बंदरातले हमाल ज्यू, म्हणून बंदर शनिवारी बंद! रविवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी.

१९०९मध्ये तिथे 'समाजवादी कामगार फेडरेशन' निघालं. आव्राम बेनारोया हा त्याचा मुख्य माणूस, बल्गेरियातून आलेला ज्यू. त्यांनी वर्तमानपत्र चार भाषांत काढलं : लादिनो (तीच जुनी स्पॅनिश), तुर्की, ग्रीक, बल्गेरियन. तेव्हाचा छापखाना डोळ्यांसमोर आणा. तुर्की अरबी लिपीत, लादिनो हिब्रू लिपीत, दोन्ही उजवीकडून डावीकडे. ग्रीकची लिपी वेगळी, बल्गेरियनची आणखी वेगळी. चार लिप्यांचे खिळे, चार प्रकारची खिळ्यांची घरं. माझ्या काकांचा पुण्यात छापखाना होता, नुसत्या देवनागरीच्या जोडाक्षरांनी त्यांचा जीव जायचा. ही चार भाषांची हौस फार काळ टिकली नाही, पुढे पत्र मुख्यतः लादिनोतच राहिलं.

पुढचं सांगायला नको वाटतं. १९४३मध्ये नाझींनी तिथल्या ४५ हजारांहून जास्त ज्यूंना ऑश्विट्झला नेलं. बेनारोया वाचला, १९५३मध्ये इस्राएलला गेला आणि १९७९ला तिथेच वारला. त्या बंदरावर मी शनिवारी दुपारी उभी होते. चालू होतं.

तिरफळ

@अंगणातली_सायकल : शेवटचा शब्द वाचून थांबले.

गोठण्याचा_शंकर

चला, मुंबईकडे येऊ. ८ जुलै १९१०, मार्सेय. सावरकर 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी मारतात. त्यांची बाजू 'ल्युमानिते' या फ्रेंच समाजवादी वर्तमानपत्रात कोण मांडतं? जाँ लोंगे, म्हणजे कार्ल मार्क्सचा सख्खा नातू. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं, १९११ला निकाल इंग्रजांच्या बाजूनं लागला. आणि मादाम कामांनी झेंडा फडकवला तो १९०७च्या स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत. तेव्हा ही माळ आपल्यापर्यंत येते.

कोरडी_भेळ

मार्क्स आणि सावरकर एकाच प्रतिसादात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक

पॉपकॉर्न परत ठेवा.

ई_सातवी_ब

मार्सेय ठीक आहे, पण मुंबईत काय? १९०८ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. लेनिननं त्याच वर्षी त्याची दखल घेतली. म्हणजे इथे विचार मुंबईहून बाहेर गेला, बाहेरून आला नाही. आणि ते लोक गिरणीतले, बंदरातले नाहीत. गिरणगावातला माणूस कणकवली-चिपळूणहून आलेला. त्याला अलेक्झांड्रियाशी काय देणंघेणं?

आजोबांची_छत्री

माझे आजोबा (आईचे वडील) रत्नागिरीकडचे, जहाजावर खलाशी, पुढे टिंडेल (सारंगाच्या हाताखालचा मुकादम) झाले. तेव्हा डेकवर आमच्याकडचे आणि गुजरातचे, इंजिनखात्यात पंजाबी-पठाण, जेवणाखाण्याच्या खात्यात गोंयकार अशी वाटणीच असायची. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. आजोबांनी राजकारण कधी केलं नाही असं घरात सगळे सांगतात. सारंगाशी (खलाशांच्या मुख्य मुकादमाशी) वाकडं आलं की पुढची बोट मिळायची नाही, मग कोण करणार? माझा अनुभव @माजघर यांच्या बाजूचा.

एक वस्तू मात्र अजून आहे. पत्र्याची नळी. खलाशी आपले नोकरीचे दाखले तिच्यात गुंडाळून ठेवत, भिजू नयेत म्हणून. आमच्या नळीचं झाकण गंजून घट्ट बसलंय, आईनं कधी उघडू दिली नाही. माळ्यावर आहे.

सुकट_बोंबील

@आजोबांची_छत्री : उघडा की राव! खोबरेल सोडा झाकणावर, रात्रभर ठेवा.

@ई_सातवी_ब : तुमच्या प्रश्नाला एका माणसाचं नाव हेच उत्तर. अमीर हैदर खान. रावळपिंडीकडचा पोरगा, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत येऊन बोटीवर चढला. न्यूयॉर्कला गदर पक्षाच्या (परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या) लोकांशी गाठ पडली, त्यांचं साहित्य तो बंदराबंदरांत हिंदी माणसांना वाटत असे. मग मॉस्कोत शिकला आणि १९२८मध्ये परत कुठे? मुंबईत. गिरणगावात. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी निघाली, एप्रिल ते ऑक्टोबर संप चालू होता. मार्च १९२९मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली तेव्हा हा निसटला, पुन्हा बोटीनंच. पुढे मद्रासला जाऊन काम केलं, तिथे पकडला गेला. मीरतच्या आरोपींत आणखी एक होते डॉ. गंगाधर अधिकारी. ते बर्लिनला रसायनशास्त्र शिकायला गेले होते, १९२८च्या डिसेंबरात परतले, तीन महिन्यांत आत. तुमच्या गिरणीच्या फाटकावर बंदरातून आलेले दोन लोक उभे होते.

नार्वेकर_माम

गोंयकारांचा विषय निघाला म्हणून. धोबीतलावला आमच्या गावच्या 'कूड' (गावकऱ्यांच्या राहण्याच्या सामाईक जागा) होत्या, काही अजून आहेत. बोटीवरची फेरी संपली की माणूस कुडीत येऊन राहायचा, ट्रंक भिंतीला लावून. भाडं नाममात्र. संध्याकाळी आल्तारासमोर (वेदीसमोर) तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला सगळ्यांनी हजर राहायचं, हा नियम. माझे पप्पा सांगत, जगभरच्या बातम्या तिथे कळायच्या. कुठल्या कंपनीचा कप्तान मारका, कुठल्या बंदरात संप आहे, कुठे बटाटे स्वस्त. पण तेर्स चुकवली तर म्हातारा सुपरिंटेंडंट ट्रंक बाहेर काढायचा. माहिती होती, मतभेदही होते, क्रांती काही झाली नाही. तेव्हा बंदर असलं की जहालपणा येतोच असं नाही. रात्री उशाला कोण बसलंय त्यावर आहे.

निशीचा_दिवा

@नार्वेकर_माम : फार महत्त्वाचं लिहिलंत. ब्यूनोस आयर्सला कुडीच्या जागी 'कोन्व्हेन्तियो' होते, आपल्या चाळीच. चौक, भोवती खोल्या, एक नळ. १९०७ला भाडेवाढीविरुद्ध लाखभर भाडेकरूंनी भाडं देणं बंद केलं आणि बायका-पोरं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, घरमालकांना झाडून काढायला. तिथे चौकात इटालियन, स्पॅनिश, रशियन ज्यू, सगळ्या बायका एका नळावर. कुडीत एका गावचेच लोक. माझ्या मते विचार रुजला तो नळावर.

पेरूची_फोड

नळावर भांडणंच जास्त होतात हो. आमच्या चाळीत यायचं होतंत.

माजघर

मुंबईचं टपालही सांगून टाकतो, मग गप्प बसतो. इंग्रजांनी समुद्री जकात कायद्याचं १९वं कलम पुस्तकं अडवायला वापरलं. म्हणजे दारू, अफू आणि जहाल छापील मजकूर, एकाच टेबलावर तपासणी. तरी १९२२पासून कम्युनिस्ट मानवेंद्रनाथ रॉय यांचं बर्लिनचं वर्तमानपत्र इकडे येत राहिलं. डांग्यांना पुस्तकं आणायला पैसे कोण देत होतं? रणछोडदास लोटवाला, पिठाच्या गिरणीचे मालक! पुढे हेच लोटवाला पार उलटे फिरले आणि सरकारच नको अशा मुक्त बाजाराच्या पंथाला लागले.

निळी_तिजोरी

शेवटी शहाणपण आलं म्हणा.

ई_सातवी_ब

@निळी_तिजोरी : सरकार नको हे तर अराजकवादीही म्हणत होते. बोला दे फ्राइले घ्या, शांत व्हा.

सुकट_बोंबील

हाँगकाँगचं राहिलं. जानेवारी १९२२ला चिनी खलाशांनी पगारवाढीसाठी संप केला. सरकारनं युनियन बेकायदा ठरवून कार्यालयावरची पाटी काढून नेली. मार्चमध्ये तडजोड झाली तेव्हा पगारवाढीबरोबर एक अट : पाटी परत लावा. सरकारनं लावली. आणि मुंबईचं विसरू नका. १८ फेब्रुवारी १९४६ला नौदलाच्या 'तलवार' या तळावर नौसैनिकांचं बंड सुरू झालं ते खराब जेवण आणि वरिष्ठांच्या शिव्यांवरून. २२ला सगळी मुंबई बंद, परळपर्यंत गोळीबार. बंदर आणि गिरणगाव त्या दिवशी तरी एकच होतं.

प्रवासी_पंचा

सगळ्यांचे आभार. मी खलाशी की पुस्तकं एवढंच विचारलं होतं, तुम्ही टपाल, पोलीस, कूड, नळ, जकात सगळं काढलंत. मला आता वाटतं, खलाशी हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही, पण तो टपालवाला होता, लेखक नव्हे. पाकिटात काय आहे ते त्याला ठाऊक असेलच असंही नाही.

आजोबांची_छत्री

चार दिवसांनी लिहितोय. @सुकट_बोंबील, खोबरेलानं झाकण निघालं. आई समोर बसली होती.

आत एकात एक गुंडाळलेले दाखले. कागद तांबूस, घडीवर फाटलेले. प्रत्येक फेरीच्या शेवटी शेरा : 'व्हेरी गुड', 'व्हेरी गुड', ओळीनं. मध्येच एका फेरीला, नोव्हेंबर १९३९, शिक्का वेगळा. मजकूर : 'डिक्लाइन टू रिपोर्ट'. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं एकही फेरी नाही. याचा अर्थ काय, कुणाला माहीत आहे का?

सुकट_बोंबील

'शेरा देण्यास नकार'. कप्तानाकडून हा शेरा म्हणजे खलाशाच्या पोटावर पाय. पुढची बोट मिळणं मुश्कील.

आणि तारीख बघा. १९३९च्या शरदात, युद्ध सुरू झाल्यावर, ब्रिटनच्या बंदरांतल्या हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी बोटी अडवल्या होत्या. शेकडो लोकांना तुरुंगात टाकलं होतं. तुमचे आजोबा त्यात होते असं मी म्हणत नाही, एका शिक्क्यावरून तसं म्हणता येणार नाही. पण घरात विचारून बघा.

आजोबांची_छत्री

विचारलं. आई म्हणाली, आजी सांगायची, त्या वर्षी ते लंडनला दवाखान्यात होते. कसला आजार, ते आजीनं कधी सांगितलं नाही.